स्वल्पविराम

लग्नपत्रिकेत नावांचा क्रम चुकला तर काय होतं हे ज्याला माहीत नाही, त्यानं खान्देशात टायपिंगचं दुकान टाकू नये. मी टाकलं, १९९८ साली, शिंदखेड्यात, स्टेशनकडे जाणाऱ्या रस्त्याला. त्याच वर्षी १ जुलैला धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला आणि माझं पहिलं मोठं काम निघालं ते शहाद्या-तळोद्याच्या सोयऱ्यांच्या पत्त्यांतलं ‘जि. धुळे’ काढून ‘जि. नंदुरबार’ करण्याचं. एका म्हाताऱ्यानं तर हट्टच धरला, जुनाच जिल्हा ठेवा म्हणून. मुलगी धुळे जिल्ह्यात दिली होती, परजिल्ह्यात नव्हे.

पत्रिका कधी कोऱ्या पानावरून टाइप होत नाही. थोरल्याच्या लग्नाची फाइल उघडायची आणि तीत धाकट्याचं नाव घालायचं. मधल्या चार वर्षांत आजोबा गेलेले असतात. त्यांचं नाव निमंत्रकांतून उचलून वर कृपाशीर्वादाच्या ओळीत न्यायचं आणि पुढे ‘कै.’ लावायचं. ज्या काकांशी बांधावरून वाजलं, त्यांचं नाव गाळायचं की तळाला ढकलायचं यावर दुकानात तासभर खल चालायचा, चहा माझ्याकडून. किलबिलीतली पोरं वयात येऊन व्यवस्थापकांत जायची. अशा हजारभर फायली अकरा वर्षांत साठल्या. तालुक्यात कोणत्या घरात कोण कुणाशी बोलत नाही, हे तलाठ्याला ठाऊक नसेल, माझ्या डी ड्राइव्हला ठाऊक होतं. त्याच ड्राइव्हवर उधारीचा हिशेबही होता, पण ती गोष्ट बायकोला माहीत नव्हती.

ही सगळी पोतडी २००९ च्या एप्रिलात, आखाजीच्या तोंडावर, बुडाली. बुडवली मीच.

दुपारची वेळ, बाहेर चिटपाखरू नाही. खान्देशातलं एप्रिलचं ऊन म्हणजे काय ते इथल्या कुत्र्यांना विचारावं. एक पोरगा पेनड्राइव्ह घेऊन आला, बहिणीच्या परिचयपत्रात फोटो टाकायचा म्हणून. पेनड्राइव्ह उघडला तर पिवळं फोल्डर दिसलं. दोनदा क्लिक केलं, काही उघडलं नाही. पुन्हा केलं. मग आपलं यंत्र जुनं झालं असं म्हणून तिसऱ्यांदा केलं. ते फोल्डर नव्हतंच. ती एक चालणारी फाइल होती, ईएक्सई, अंगावर फोल्डरचं चित्र चढवलेली. विंडोज एक्सपीची खोड अशी की ओळखीच्या फायलींची शेपटी, म्हणजे ते शेवटचं ‘ईएक्सई’, ती आपणहून लपवते. शेपूट दिसली असती तर साप ओळखला असता.

तासाभरात लक्षणं दिसू लागली. टास्क मॅनेजर उघडायला गेलो तर पाटी आली : टास्क मॅनेजर हॅज बीन डिसेबल्ड बाय युवर ॲडमिनिस्ट्रेटर. दुकानात ॲडमिनिस्ट्रेटर मीच, झाडूवाला मीच. मी काही बंद केलं नव्हतं. मग मेनूतून फोल्डर ऑप्शन्स गायब झालं. आणि इथे मी जे केलं त्याची अजून लाज वाटते. हंगाम होता, रांग होती, मी काम चालूच ठेवलं. दोन दिवस जो पेनड्राइव्ह आला तो लावला, आणि प्रत्येकाला त्याच्या कामासोबत तेच पिवळं फोल्डर घरी पाठवलं. गावाला प्रसाद वाटावा तसं.

तिसऱ्या दिवशी कुठल्याशा कॉम्प्युटर मासिकासोबत आलेली सीडी सापडली. तिच्यातला अँटिव्हायरस टाकला आणि रात्री चालू करून घरी गेलो. लोडशेडिंगचे दिवस ते. रात्रीची वीज टिकली हेच नशीब असं वाटलं. सकाळी पडद्यावर लांबलचक यादी, लाल अक्षरांत, हजाराच्या वर नावं. खाली बटण होतं, सगळं डिलीट करा. शत्रूची एवढी प्रेतं बघून कोणाला आनंद होणार नाही? दाबलं. मशीन बंद करून चालू केलं.

निळा पडदा आला, स्वागत आलं, माझं नाव आलं. नावावर क्लिक केलं. ‘लोडिंग युवर पर्सनल सेटिंग्ज’. लगेच, श्वास घ्यायच्या आत, ‘सेव्हिंग युवर सेटिंग्ज’. आणि पुन्हा स्वागत. पुन्हा क्लिक, पुन्हा तेच. दार उघडायचं, मी पाय आत टाकायचो, आणि कुणीतरी हाताला धरून परत ओट्यावर आणून सोडायचं. असं मी किती वेळा केलं असेल, मोजलं नाही. बाहेर हळदीची तारीख धरून बसलेले तीन बाप उभे होते.

धुळ्याला ज्या दुकानातून मशीन जुळवून घेतलं होतं तिथे फोन केला. ते म्हणाले, घेऊन या, फॉरमॅट मारून देतो, दोनशे रुपये. मी विचारलं, आतलं सामान? ते म्हणाले, आतलं जाईल. ‘जाईल’ हा शब्द इतका हलका असू शकतो हे त्या दिवशी कळलं.

मशीन सायकलच्या कॅरिअरला बांधून आप्पांकडे नेलं.

आप्पा म्हणजे रेडिओवाले आप्पा. पिढ्यान्पिढ्या नव्हे, पण एका पिढीनं त्यांना ह्याच नावानं हाक मारली. बाजारातल्या गल्लीत दोन खणांचं दुकान, भिंतीला उघडे टीव्ही, छताला लटकलेल्या वायरी, एका कोपऱ्यात सदैव चालू असलेलं आकाशवाणी जळगाव. व्हॉल्व्हचे रेडिओ, मग ट्रान्झिस्टर, मग टेप, मग टीव्ही असा त्यांचा हात चालत आला होता. कॉम्प्युटरपाशी ते पोचले वेगळ्याच वाटेनं. आमच्याकडे व्होल्टेज कधी दीडशे, कधी पावणेतीनशे. त्यानं कॉम्प्युटरचे पॉवर सप्लाय पटापट जळायचे. टीव्हीत असतो तसाच तो सप्लाय, त्याच धर्तीचा. लोक तेवढाच दुरुस्तीला आणू लागले. आप्पा सप्लाय बसवून द्यायचे, आणि चालतो का बघण्यासाठी मशीन चालू करायचे, आणि चालू केलेल्या मशीनसमोर बसून राहायचे. तिथून ते शिकले. पन्नाशीच्या पुढे. इंग्रजी जेमतेम, पण एरर मेसेज तोंडपाठ, जसे काही लोकांना अभंग असतात.

“बठ रे भो,” ते म्हणाले. “काय व्हयनं?”

मी सांगू लागलो तर हातानं थांबवलं. मशीन जोडलं, चालू केलं आणि नावावर क्लिक करून तो येण्याजाण्याचा खेळ तीन वेळा नुसता पाहिला. रेडिओ खरखरला की त्याला मारण्याआधी ते असाच कान देऊन ऐकत बसायचे.

“मरेल नही शे,” ते म्हणाले.

मेलेलं नाही. त्या तीन शब्दांसाठी मी त्यांचे पाय धरायला तयार होतो. त्यांनी पायाऐवजी स्क्रूड्रायव्हर मागितला.

मला वाटलं होतं ते लगेच दुरुस्तीला लागतील. त्यांनी पहिल्यांदा दुरुस्तीला हातच लावला नाही. म्हणाले, घराला आग लागली की आधी माणसं आणि धान्य बाहेर काढायचं, बंब नंतर. खणातून एक सीडी काढली, पुठ्ठ्याच्या सुबक पाकिटातली. वर नाव उबुंटू. ही चीज त्यांच्याकडे कशी आली ती गोष्ट ऐकण्यासारखी आहे. मार्क शटलवर्थ नावाच्या दक्षिण आफ्रिकेच्या एका धनाढ्य माणसानं २००४ मध्ये ही फुकट ऑपरेटिंग सिस्टिम काढली, आणि ज्यांच्याकडे ती उतरवून घेण्याइतकं इंटरनेट नाही अशांना टपालानं सीडी घरपोच, तीही फुकट, पाठवायची सोय केली. काही वर्षं ती योजना चालली, २०११ मध्ये बंद झाली. आप्पांनी कुणा कॉलेजच्या पोराकडून मागणी नोंदवून घेतली होती. दोन महिन्यांनी पोस्टमन परदेशी शिक्क्याचं पाकीट घेऊन गल्लीत आला तेव्हा आप्पांना म्हणे वाटलं, पैसे भरून सोडवावं लागणार. ‘टपालखर्च कोण देतो याचा?’ हा प्रश्न ते प्रत्येकाला विचारायचे. मलाही विचारला, माझं काळीज तोंडात आलेलं असताना.

या सीडीची खुबी अशी की मशीन तिच्यावरूनच सुरू होतं, हार्ड डिस्कवरच्या विंडोजला न उठवता. विंडोज झोपलेलं, म्हणून त्याच्या अंगातला व्हायरसही झोपलेला. दाराला कुलूप असलेल्या घरात कौलं काढून उतरावं तसे आप्पा माझ्या डी ड्राइव्हमध्ये उतरले. फोल्डर दिसले. सालवार, गाववार, माझ्याच हातानं लावलेले. त्यांनी सहज म्हणून एक फाइल उघडली आणि त्यांचा चेहरा पडला.

पडद्यावर मराठीचं एक अक्षर नव्हतं. नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टोप्या घातलेले ए आणि ओ.

“हे खाल्लं रे त्यानं,” ते म्हणाले.

आणि त्या तीन दिवसांत मी पहिल्यांदा हसलो. व्हायरसनं काही खाल्लं नव्हतं. त्या काळात आम्ही डीटीपीवाले श्रीलिपीसारख्या फॉन्टांत टाइप करायचो. पुण्याच्या मॉड्युलरची ती श्रीलिपी. तिच्यात ‘क’ हा मशीनच्या लेखी ‘क’ नसतोच. इंग्रजी अक्षराच्या खोलीत ‘क’चं चित्र टांगलेलं असतं. ते चित्र म्हणजे फॉन्ट. उबुंटूत फॉन्ट नव्हता, म्हणून खोली उघडी पडली, एवढंच. आम्ही सगळे तेव्हा अशा भाड्याच्या खोल्यांत मराठी लिहीत होतो. मी पडद्यावरची ती बाराखडी आप्पांना वाचून दाखवली. वर्षानुवर्षांच्या सवयीनं मला नुसत्या खोल्यांवरूनही भाडेकरू ओळखू यायचे. ‘श्री एकवीरा देवी प्रसन्न’ एवढं ओळखलं. आप्पा माझ्याकडे असे बघत राहिले, जसा मी मघापासून त्यांच्याकडे बघत होतो. आमचं पुढचं सगळं जमलं ते तिथे जमलं असावं.

सगळा माल त्यांच्या ऐंशी जीबीच्या डिस्कवर उतरायला संध्याकाळ झाली, मधे दोनदा वीज गेली. मग त्यांनी माझी हार्ड डिस्क काढली, तिच्या पाठीवरचा इवलासा जंपर चिमट्यानं उचलून मास्टरचा स्लेव्ह केला, आणि आपल्या मशीनला जोडली. त्यांच्याकडे क्विक हील होतं, पैसे देऊन घेतलेलं, रोजचं अपडेट केलेलं. त्याची यादीही माझ्यासारखीच हजारावर गेली. मी म्हणालो, आप्पा, डिलीट मारा. ते खवळले. मला कपाशीच्या भाषेत समजावलं. बोंडअळी बोंडात शिरते, बाहेरून बोंड साजरं दिसतं. म्हणून काय सगळी बोंडं तोडून उकिरड्यावर टाकशील? मग वेचशील काय? हा व्हायरसही तसाच, चांगल्या प्रोग्रामच्या पोटात शिरून बसणारा. प्रोग्राम चालू केला की आधी तो चालतो, मग मूळ धनी. त्याला कापून काढायचा असतो, धन्यासकट पुरायचा नसतो. तू आज सकाळी धन्यांना पुरलंस.

बटणं दोन होती, रिपेअर आणि डिलीट. मी आयुष्यात रिपेअरवर कधी बोट ठेवलं नव्हतं.

क्विक हीलविषयी आप्पांना घरच्यासारखा अभिमान होता. ज्यांनी ते काढलं ते कैलास काटकर मूळचे सातारा जिल्ह्यातले, शिक्षण दहावी, पुण्यात कॅल्क्युलेटर-रेडिओ दुरुस्त करणारे. धाकटे भाऊ संजय कॉम्प्युटर शिकले आणि दुरुस्तीला आलेल्या मशीनांतले व्हायरस काढायला त्यांनीच प्रोग्राम लिहायला घेतले. १९९० नंतरच्या त्या वर्षांत फ्लॉपीवरून मायकेलअँजेलो नावाचा व्हायरस फिरत होता, दर ६ मार्चला, म्हणजे त्या चित्रकाराच्या वाढदिवसाला, डिस्क पुसणारा. दुरुस्तीच्या दुकानातून कंपनी उभी राहिली. तिचं नाव २००७ मध्ये क्विक हील टेक्नॉलॉजीज झालं. पुढे २०१६ मध्ये तिचे शेअर बाजारात आले तेव्हा आप्पांनी पेपरातलं कात्रण आणून माझ्याकडे झेरॉक्स काढून नेलं. शेअर घेतला नाही. म्हणाले, त्यो बी रिपेरवालाच शे ना. बस.

रात्री साडेनऊला डिस्क परत माझ्या मशीनमध्ये गेली. अजून मी घरात पाय ठेवू शकत नव्हतोच. तेव्हा त्यांनी मला कारण सांगितलं, आणि ते मी आजतागायत गिऱ्हाइकांना सांगतो. तुम्ही नावावर क्लिक करता तेव्हा विंडोज तुम्हाला ओळखतं, पण घरात नेऊन बसवायचं काम ते स्वतः करत नाही. त्याला एक गडी ठेवलेला असतो, युजरइनिट नावाचा. तो पुढे होऊन तुमचं टेबल मांडतो, फायली लावतो, टास्कबार अंथरतो. माझ्या गड्याला व्हायरस चावला होता. मी हजारात त्यालाही पुरलं. आता पाहुणा ओळखीचा, दार उघडतं, पण आत नेणारा कोणी नाही. मग विंडोज समजतं, पाहुण्याचं काम संपलं, आणि निरोप देतं.

नवा गडी सीडीवर होता. एक्सपीच्या सीडीवर फायली घडी घालून ठेवलेल्या असतात, आणि घडी घातलेल्या फाइलच्या नावातलं शेवटचं अक्षर काढून तिथे आडवी रेघ मारलेली असते. पण इथे माझं पितळ उघडं पडलं. माझी सीडी कॉपी केलेली, वर मार्करनं ‘एक्सपी’ लिहिलेली. ती त्यांच्या ड्राइव्हनं ओकून टाकली. आप्पा काही बोलले नाहीत. कपाटातून कुलुपातली स्वतःची अस्सल सीडी काढली. नंतर, खूप नंतर, म्हणाले की चोरीचं पाप तुझं तू बघ, पण चोरीचा माल म्हणून तू अपडेट बंद ठेवतोस, आणि त्यानं मार गावाला बसतो. त्यांचं खरं होतं. आदल्याच वर्षी ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टनं एका मोठ्या भोकावर ठिगळ दिलं होतं. महिन्याभरात त्याच भोकातून कॉन्फिकर नावाचा किडा जगभर शिरला. ज्यांनी ठिगळ लावलं ते वाचले. मी त्यांच्यात नव्हतो.

सीडीवरून मशीन सुरू केलं, ‘आर’ दाबलं. काळा पडदा, पांढरी अक्षरं. पासवर्ड विचारला, आप्पांनी नुसता एंटर मारला आणि तो चालला, ही माझ्या कारभाराची दुसरी शोभा. मग त्यांनी एका बोटानं, अक्षर अक्षर शोधत, एक ओळ टाइप केली : एक्स्पांड, मग सीडीवरची घडी, मग मशीनमधली जागा. एंटर. ‘वन फाइल एक्स्पांडेड.’ मशीन पुन्हा सुरू केलं.

स्वागत. माझं नाव. क्लिक. आणि माझ्या मुलीचा तिसऱ्या वाढदिवसाचा फोटो, डेस्कटॉपवर, आहे तिथे.

मी उठलो. ते म्हणाले, बस, अजून काम आहे. रजिस्ट्री उघडून त्यांनी एक ओळ दाखवली. ही ओळ माझ्या डोक्यातून गेलेली नाही. विंडोजनं आपल्या गड्याचा पत्ता जिथे लिहून ठेवलेला असतो ती ही ओळ. पत्ता लिहून झाल्यावर शेवटी स्वल्पविराम असतो. पूर्णविराम नाही, कोरी जागा नाही, स्वल्पविराम. म्हणजे यानंतर आणखी कोणाचं नाव यायला मुभा. व्हायरसनं त्याचाच फायदा घेऊन पुढे आपलं नाव लावलं होतं. रोज सकाळी मी मशीन उघडायचो तेव्हा एक्सपी आधी गड्याला हाक मारायचं, मग यादीत पुढे आहे म्हणून त्यालाही. आप्पांनी त्याचं नाव पुसलं. स्वल्पविराम ठेवला.

“हा पण काढा ना,” मी म्हणालो.

“हा त्यांचा आहे,” ते म्हणाले. “मूळचा. तो ठेवायचा.”

पत्रिका छापणाऱ्या माणसाला ही गोष्ट का लागली ते सांगायला नको. आणि व्हायरसांचं पत्रिकेशी नातं तसं जुनंच. पीसीवरचा पहिला म्हणून जो ओळखला जातो तो १९८६ चा ब्रेन, लाहोरच्या दोघा भावांनी लिहिलेला. त्यात त्यांनी आपली नावं, दुकानाचा पत्ता आणि फोन नंबर घातले होते. निमंत्रकांसकट आलेला व्हायरस! आमच्या वेळचे निनावी होते.

रात्री बाराला मी पैसे काढले. किती द्यावे कळेना, म्हणून खिशात होते ते सगळे, सातशे साठ, टेबलावर ठेवले. आप्पांनी ते माझ्या खिशात परत कोंबले आणि म्हणाले, राहू दे रे भो, टपालखर्च ज्यानं भरला त्यानं कुठे घेतले? हे उत्तर त्यांना कोंडीतून सुटायला सापडलं होतं की मनापासूनचं होतं, मी आजही ठरवू शकलेलो नाही. दुसऱ्या दिवशी उधारीच्या तक्त्यात मी एक ओळ घातली. नावाच्या रकान्यात ‘आप्पा’, रकमेच्या रकान्यात काही नाही. बेरीज करताना एक्सेल रिकाम्या घराला शून्य धरतं. मी धरत नाही.

फक्त एक काम त्यांनी सांगितलं, तेही वसुलीच्या आवाजात. दोन दिवसांत माझ्याकडे पेनड्राइव्ह घेऊन आलेल्या प्रत्येकाला शोधायचं. चौतीस जण निघाले. दोंडाईच्याच्या मिरची बाजारातला एक, नरडाण्याचे दोघे, बाकी गावचे. घरोघर जाऊन सांगावं लागलं की बाबांनो, तुमच्या पत्रिकेबरोबर मी दुसरंही काही दिलंय. एका घरी चहा मिळाला, एका घरी शिव्या. मशीन होतं अशा सहा घरांत आप्पा स्वतः आले, सायकलवर, पिशवीत ती पाकिटातली सीडी घेऊन. पेनड्राइव्ह लावला की आपोआप काही चालू होऊ देणारी विंडोजची सवय त्यांनी प्रत्येक ठिकाणी मोडून ठेवली. मायक्रोसॉफ्टनं तीच सवय जुन्या विंडोजमध्ये मोडायला २०११ चा फेब्रुवारी उजाडला.

नंतरची वर्षं भराभर गेली. एक्सपीचा आधार मायक्रोसॉफ्टनं ८ एप्रिल २०१४ ला काढून घेतला; मी तोवर अस्सल विंडोज सेव्हन घेतलं होतं, हप्त्यानं. १२ मे २०१७ च्या शुक्रवारी वॉनाक्राय आला, फायलींना कुलूप लावून तीनशे डॉलर मागणारा. त्याचं ठिगळ मार्चमध्येच येऊन पडलेलं होतं आणि माझ्या मशीनला ते लागलेलं होतं. तरी मी दुकानाचं शटर पाडून आप्पांना फोन केला. ते म्हणाले, कॉपी आहे का दुसरीकडे? मी म्हणालो, दोन ठिकाणी. “मंग झोप,” ते म्हणाले आणि फोन ठेवला.

पण मला सांगायचंय ते २०१३ च्या मे महिन्यातलं. आप्पांच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका अर्थातच माझ्याकडे. वाटलं, आता फिटेल. त्यांनी वहीच्या पानावर यादी दिली, दोन्ही बाजूंनी, त्यांच्या रेडिओच्या सर्किटासारखी बाणांनी भरलेली. नावं इतकी की मी रांगा सोडून सलग लावली, स्वल्पविरामांनी. धुळ्याच्या ऑफसेटवरून पाचशे प्रती छापून आणल्या, लग्नाला बारा दिवस असताना गठ्ठा त्यांच्या दुकानात ठेवला, आणि बिल करणार नाही असं आधीच जाहीर करून टाकलं.

आप्पांनी चष्मा लावून पत्रिका वाचली. पुन्हा वाचली.

“धाकला कोठे शे?” त्यांनी विचारलं.

धाकटे, म्हणजे त्यांचे सख्खे भाऊ. यादीत त्यांचं नाव होतं, पण वर काट मारलेली. मी गाळलं. असल्या काटा मी जन्मभर पाहत आलो. आप्पांनी पान माझ्या हातातून घेऊन उलटं केलं आणि समासात बोट ठेवलं. तिथे, बाणांच्या गर्दीत, पेन्सिलीनं लिहिलं होतं : ठेवा. काट घरातून मारली गेली होती, ‘ठेवा’ त्यांचं होतं. भावाशी बांधावरून सहा वर्षं बोलणं नव्हतं. आणि आता पत्रिकेत नाव नाही म्हटल्यावर पुढची साठ वर्षं झाली असती.

मी म्हणालो, पुन्हा छापतो, माझ्या खर्चानं. पण चार दिवस जाणार, आणि गावोगावची माणसं दुसऱ्या सकाळी पत्रिका घेऊन निघायची होती. माझ्या घशाला कोरड पडली. ज्या माणसानं माझी हजार घरांची नावं वाचवली, त्याच्या घरातलं एक नाव मी पुसलं होतं. डिलीटच मारलं होतं, दुसरं काय.

आप्पा बराच वेळ पत्रिकेकडे बघत राहिले, कान दिल्यासारखे. मग पोटातून हसायला लागले.

“युजरइनिट राहिनं रे भो.”

खणातून त्यांनी दोन काळे पेन काढले. निमंत्रकांच्या शेवटच्या नावापुढे पूर्णविराम होता. त्यांनी त्या ठिपक्याला खाली बारीक शेपूट काढलं. ठिपक्याचा स्वल्पविराम झाला. आणि त्यापुढे, सर्किटवर किमती लिहायचे त्या बारीक, सरळ अक्षरात, धाकट्याचं नाव लिहिलं.

“सगळ्यांत शेवटी येतंय,” मी म्हणालो. “चालेल त्यांना?” क्रमाची भीती माझ्या हाडात आहे.

“शेवटी असलं तरी हाक जाते,” ते म्हणाले.

पाचशे पत्रिका. शेपटं मी काढली, नावं त्यांनी लिहिली, कारण भावाचं नाव दुसऱ्याच्या अक्षरात नको होतं. नऊला वीज गेली; इन्व्हर्टरवर एक बल्ब लावून बसलो. मी मधेच बिलाचा विषय काढला, म्हणजे न घेण्याचा, तर त्यांनी मान वर न करता सांगितलं की छपाईवाल्याचे, कागदाचे आणि तुझे, सगळे मोजून घ्यायचे, नाहीतर हा गठ्ठा उचल. घेतले. तेव्हापासून तक्त्यातली ओळ आहे तशीच आहे.

धाकटे लग्नाला आले. जेवले, आहेर केला, बांधाचा दावा काढून घेतला नाही. मला मात्र ते आजही ओळख देत नाहीत. कुणीतरी त्यांना सांगितलंय की छापायला विसरलो तो मी.

त्या रात्री शेवटची पत्रिका लिहून झाल्यावरही आप्पा मला उठू देईनात. शाई ओली होती. त्यांनी पत्रिका एकेक करून पसरायला लावल्या, टेबलावर, बाकावर, उघड्या टीव्हींच्या पाठीवर, जमिनीवर दारापर्यंत. पंखा बंद होता तो बंदच ठेवला. घामानं निथळत आम्ही दोघं मधल्या रिकाम्या फरशीवर बसून होतो, हलायला जागा नव्हती.

“गठ्ठ्यात शाई फुटली,” ते म्हणाले, “तर त्याला वाटंल, लिव्हून पुसलं.”